शिडामागची बाजू

१

रत्नागिरीच्या बंदरावर एक आवडाबाई होती. तिला दोन मुलगे, थोरला गंगाराम आणि धाकटा दाजी. गंगारामाची बायको गुणवंती. चार माणसं, चिऱ्याचं जोतं, वर माडाच्या झापांचं छप्पर आणि दारासमोर ओढून ठेवलेली स्वतःची शिडाची होडी. खाऊनपिऊन बरं चाललं होतं. कुणाचं वाईट केलं नव्हतं, कुणापुढं हात पसरला नव्हता.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे दाजीला ताप भरला म्हणून गंगाराम एकटाच होडी घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी होडी काळबादेवीच्या पुळणीला, वाळूवर, आपली आपण येऊन लागली. शीड चढवलेलं होतं. जाळं कोरडं होतं. गुणवंतीनं फडक्यात बांधून दिलेल्या भाकरीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. माणूस तेवढा नव्हता.

समुद्र घेतो तसा परतही देतो, असं बंदरावरची माणसं धरून चालतात. सात दिवसांत देतो, नाहीतर पंधरा दिवसांत. गंगारामाला त्यानं दिलं नाही. प्रेत आलं असतं तर रडता आलं असतं. तसंच राहिलं. एक शिमगा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. आवडाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला, नि तिला माणसं सावल्यांसारखी दिसायला लागली. तरी तिनं सुनेच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांना कुणाला हात लावू दिला नाही. नातवासाठी गणपतीपुळ्याला नवस बोलली होती, तो फेडायचा बाकी होता, म्हणून.

वाडीतली जाणती माणसं शेवटी घरी आली. त्यांचं बोलणं वेडंवाकडं नव्हतं. सून बाविशीची, पदरी मूल नाही. आखाड लागायच्या आत आवडाबाईनं एक काय ते सांगावं. मुलगा गेला म्हणत असेल तर त्याचं दिवसकार्य करू, आणि आपल्यात चालतं तसा धाकट्या दिराशी सुनेचा पाट लावून देऊ. मुलगा आहे म्हणत असेल तर मग प्रश्नच मिटला, सुनेनं बसावं वाट बघत, परत कुणी विचारायला येणार नाही.

आहे की गेला. एवढ्या एका शब्दावर तीन माणसांचं आयुष्य अडलं होतं, आणि तो शब्द आवडाबाईच्या तोंडून निघत नव्हता.

दाजी खालमानेचा होता. त्याच्यासाठी सांगून आलेल्या दोन मुली त्यानं परतवल्या होत्या, का ते बोलला नव्हता. गुणवंतीला तर कुणी विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं. पाणी भरावं, मासळी वाळत घालावी, सासूला न्हाऊ घालावं, आणि दिवस कलला की तिच्या शेजारी जोत्यावर बसून समुद्राकडं बघावं. बघणं हेही तिच्या कामांतलं एक काम झालं होतं. केर काढताना कुणाला काय वाटतं? तसंच.

२

त्या वैशाखात आगबोटीनं महिपत मास्तर आले, बरोबर पाच पेट्या.

हे मास्तर मूळचे संगमेश्वराकडचे. शाळेत चित्रकला शिकवायचे. मुंबईत एकदा हलतं चित्र बघितलं आणि शाळा सोडली. आपल्या मुलखात अशी चित्रं काढणारे तेव्हा बोटांवर मोजण्याइतके, त्यातले हे एक. चित्र घ्यायच्या पेटीचा दांडा हातानं फिरवायचे, रात्रभर फीत धुवायचे, बांबूच्या पिंजऱ्यावर गुंडाळून वाळवायचे, आणि सगळं उरकलं की गावोगाव स्वतःच दाखवत हिंडायचे. बंदरावरची माणसं त्यांना ओळखत होती. गंगाराम जायच्या आदल्या उन्हाळ्यात त्यांनी इथंच चित्र घेतलं होतं. परदेशी गेलेल्या एका सावकाराच्या तारवाची गोष्ट होती. सावकार मुंबईचा नट होता. पण सुकाणू धरायला त्याला कुठलं यायला! म्हणून गंगारामाला उभा केला.

मास्तरांनी पेटी त्याच्या पाठीमागं लावली आणि बजावलं, की काही झालं तरी पेटीकडं तोंड फिरवायचं नाही, समोर समुद्राकडं बघायचं.

"मास्तर, नुसती पाठच पायजे तर मला कशाला?" गंगाराम म्हणाला. "डोलकाठीला बंडी घाला, ती माझ्यापरीस गप उभी ऱ्हाईल."

सगळे हसले. पण त्यानं सांगितलं तसं केलं. एकदाही मागं बघितलं नाही.

आता ते चित्र पुरं होऊन आलं होतं. अडचण एकच, मास्तरांचा पडदा आगबोटीवर तेलाच्या डब्याखाली सापडून वाया गेला होता. बंदरावर पुळणीत झापांचं कुंपण घालून जागा केलेली, आजूबाजूच्या गावांत दवंडी दिलेली, आणि पडदा नाही. तेव्हा दाजीनं माळ्यावरचं शीड काढलं. होडीला त्यानं दुसरं शीड केलं होतं. हे जुनं कुणी मागितलं नाही आणि त्यानं कुणाला दिलं नाही.

मास्तर ते मागायला स्वतः घरी आले. गंगारामाचं त्यांना बंदरावर उतरल्यावरच कळलं होतं. येऊन जोत्यावर बसले.

आवडाबाईनं विचारलं, "त्यात माझा ल्योक दिसंल?"

"पाठ दिसेल, आवडाबाई."

"पाठ तर पाठ. न्या शीड. मला कुठं दिसतंय? ही बघंल नि मला सांगंल."

गुणवंतीनं शिडाचे दोर उसवले, फाटलं होतं तिथं जोड दिले. उन्हावाऱ्यानं कापड झिजून पातळ झालं होतं. मास्तरांना तसंच हवं होतं.

३

पडदा मधोमध टांगला. चित्र दाखवायच्या यंत्राच्या बाजूला पुरुष, आणि पडद्याच्या पाठीमागं बायका. बायाबापड्यांना पुरुषांत बसायला नको म्हणून तेव्हा तशीच पद्धत होती. कापड ओलं केलं की उजेड आरपार जातो, आणि मागच्या बाजूलाही तेच चित्र उमटतं.

ओलं करायचं काम दाजीकडं होतं. मास्तरांनी त्याला विहिरीचं पाणी घ्यायला सांगितलं होतं. पण बंदरावरचा माणूस शिडाला गोडं पाणी कधी लावत नाही. गोड्या पाण्यानं शीड कुजतं, हे त्याला दूध पिताना शिकवलेलं असतं. विहीर लांब, समुद्र वीस पावलांवर. दाजीनं दोन घागरी खारं पाणी आणलं आणि मागल्या बाजूनं शिडावर मारलं. त्यात काही चुकलं असं त्याच्या मनातही आलं नाही.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. मिरजोळ्याच्या बाया कडेवर पोरं घेऊन आल्या होत्या. सावकार पाटावर जेवायला बसला आणि डाव्या हातानं जेवायला लागला. बायकांत खसखस पिकली. सावकाराच्या बायकोनं डाव्या हातानं कुंकू लावलं. वाडीतली कमळा म्हणाली, "ह्या घरात सगळीच डावरी गो." तेवढ्यात कुणीतरी समजावलं, की आपण मागनं बघतोय, म्हणून उजवं ते डावं दिसतं. मग बायकांना ते पटलं, तरी हसायच्या थांबल्या नाहीत.

मग तारू निघालं.

सुकाणूपाशी गंगाराम उभा होता. गुणवंतीनं बंडी ओळखली, खांद्यावरचं पटकुरं ओळखलं. समुद्र त्याच्या मागं हलत होता. त्यानं घाम पुसला. उजव्या हातानं पुसला. ती बघत राहिली. तीन वर्षांत तिला त्याचं नाक नीट आठवत नव्हतं. आता ते समोर होतं, डोळे होते, ओठाच्या कोपऱ्यात विडीनं काळी पडलेली जागा होती.

"दिसला?" सासूनं विचारलं.

"दिसला."

"काय करतोय?"

"उभा हाय. आपल्याकडं बघतोय."

आवडाबाईनं पदर तोंडाला लावला. बाकीच्या बायका गप्प झाल्या होत्या. यंत्राची टकटक आणि पलीकडची बाजाची पेटी, एवढंच ऐकू येत होतं. मग चित्र बदललं.

घरी आल्यावर दाजी भातावर कालवण ओतून घेत होता. गुणवंती त्याला म्हणाली, "भावोजी, ते किती वाळले दिसतात ना."

दाजीनं वर बघितलं. "पाठीवरनं काय कळणार?"

"तोंडावरनं."

"वैनी, तोंड कुठं दिसलं? दादा पाठ करून उभा हाय. पुढं समुद्र."

गुणवंती चुलीकडं वळली. चुलीतलं लाकूड मागं ओढलं, निखाऱ्यावर पाणी शिंपडलं.

४

ती विचार करणारी बाई होती. दुसऱ्या दिवशी मासळी उलटताना तिनं सगळं मनाशी लावून बघितलं. कापडाच्या एका बाजूला पाठ असेल तर दुसऱ्या बाजूलाही पाठच दिसणार. लुगडं उलटं धरलं म्हणून त्यावरच्या मोराचं तोंड आपल्याकडं होत नाही. तेव्हा तिचंच काही चुकलं असणार. तीन वर्षं बघून बघून डोळ्यांना सवय लागली, त्यांनी पाठीवर तोंड काढलं. हे तिला पटलं. पटल्यावर जिवाला थोडं बरंही वाटलं.

तिनं चिमाला विचारलं. चिमा शेजारची, काल अगदी पुढं बसलेली.

"मी नाय बघितलं," चिमा म्हणाली. "माझं पोर रडत होतं." विचारलं काय ते ऐकून घ्यायच्या आधीच म्हणाली.

त्या संध्याकाळी गुणवंतीनं डोळे धुतले आणि गेली. सावकार डाव्या हातानं जेवला. तारू निघालं. गंगाराम तिच्याकडं तोंड करून उभा होता, आणि आज त्याची मान हलत होती. बायकांच्या पहिल्या रांगेच्या एका टोकापासून तो बघत येत होता. एकीकडं बघायचा, थांबायचा, पुढं सरकायचा. बाजारात हरवलेल्या माणसाला शोधताना बघतात, तसा. ज्या बाईवर नजर येई ती पदर पुढं ओढी. रांग संपायच्या आत चित्र बदललं.

"काय करतोय?" आवडाबाईनं विचारलं.

"बघतोय. एकेकीला बघतोय."

"आपण कितव्या रांगेत हाव?"

"चौथ्या."

 आवडाबाईनं सुनेचा हात चाचपून धरला.

५

तिसऱ्या दिवशी गुणवंती दुपारचीच मास्तरांकडं गेली. ते फीत पुसत बसले होते. तिनं सरळ विचारलं, की गंगारामाचं तोंड त्यांनी घेतलं होतं का.

मास्तर म्हणाले, नव्हतं घेतलं. तेवढा तुकडा सावकाश मोजला तर चाळीस आकडे होईपर्यंत चालतो, आणि त्यातलं एकेक बारकं चित्र त्यांनी स्वतः धुतलंय, उजेडावर धरून बघितलंय. सगळीकडं पाठ. तिला विश्वास वाटावा म्हणून त्यांनी तो तुकडा तिच्या हातात दिला. नखाएवढी चित्रं. नखाएवढ्या पाठी, एकीखाली एक, एकीखाली एक.

संध्याकाळी तारू निघालं तेव्हा मास्तरांनी यंत्राचा दांडा आपल्या माणसाच्या हातात दिला आणि कुंपणाला वळसा घालून मागं आले. बायकांनी जागा करून दिली. ते पडद्याकडं बघत उभे राहिले. गंगारामाची नजर दुसऱ्या रांगेवरून चालली होती. मास्तर आले तसे निघून गेले. खेळ संपल्यावर त्यांनी दाजीला पाण्याचं विचारलं, आणि खारं पाणी वापरतो हे ऐकून चिडले. मिठानं पडदा पांढरा पडतो, चित्र बिघडतं, असं काहीतरी बोलले. आवाज चढलेला, पण मन त्या बोलण्यात नव्हतं.

चौथ्या दिवशी शीड विहिरीच्या पाण्यात बुचकळून काढलं. त्या संध्याकाळी मागच्या बाजूनं गंगारामाची पाठ दिसली. बंडी, पटकुरं, पलीकडं समुद्र. बायकांनी श्वास सोडला, कुणीतरी विडा काढला. गुणवंतीनं मनाशी मोजलं. तिला विसापर्यंतच येत होतं, पण वीस संपले की पुन्हा पहिल्यापासून, तशा विसा मोजता येत होत्या. दोन विसा भरल्या आणि चित्र बदललं. मास्तर म्हणाले होते तस्संच.

"आता कुठं बघतोय?" आवडाबाईनं विचारलं.

"पाठ हाय, आये."

"पाठ?"

"व्हय. समुद्राकडं बघतोय."

घरी आल्यावर म्हातारी आत गेली नाही. उंबऱ्यातच बसली आणि दाजीला हाक मारली.

"दाज्या, उद्या समुद्राचं पाणी मार."

"आये, मास्तर रागावतात."

"मास्तरांना सांग, शीड माझं हाय."

६

मास्तरांनी वाद घातला नाही. पाचव्या दिवशी खारं पाणी आलं, आणि गंगारामानं तोंड दाखवलं. तिसरी रांग बघून झाली.

बायका कमी व्हायला लागल्या होत्या. खरं कारण कुणी सांगत नव्हतं. कमळाच्या घरी पाहुणे आले, चिमाचं पोर आजारी पडलं, मिरजोळ्याच्या बायांना चालत यायला लांब पडायला लागलं. पुरुषांची बाजू मात्र रोज भरत होती. त्यांना त्यात काही दिसत नव्हतं. सावकाराचं तारू बुडता बुडता वाचतं त्याला ते टाळ्या वाजवत होते.

गुणवंतीनं त्या दिवशीही मोजलं. दोन विसा झाल्या. तीन झाल्या. गंगाराम चौथ्या रांगेच्या टोकाला आला. पाच विसा नि दहा झाले तेव्हा तो तिच्यापासून चार बायकांवर होता. मग चित्र बदललं. पलीकडं बसलेल्या दाजीलाही तिनं मोजायला सांगितलं होतं. त्याचे चाळीसच भरले होते.

जेवताना दाजी म्हणाला, "वैनी, उद्याचा शेवटचा खेळ. नको जाऊस."

"आये जाणार."

"आयेला मी नेतो. तू घरी ऱ्हा."

तो असं तिला कधी म्हणाला नव्हता. गुणवंतीनं त्याच्या पानात भात वाढला. तिला भीती वाटत होती का? रात्री पडल्या पडल्या तिनं स्वतःशी हे विचारून बघितलं. भीतीची जागा तिला सापडली, पण त्या जागेवर काही नव्हतं. पाय बधिर झाल्यावर चिमटा काढावा तसं.

एक मात्र तिच्या लक्षात आलं. उद्या त्याची नजर तिच्यावर येणार. त्याच्या नजरेत ती आली, की तिला कळणार. तो आहे की गेला, हे चेहऱ्यावर दिसल्याशिवाय राहत नाही. ते कळलं की सासूला सांगावं लागणार. आणि सांगितलं, की मग सगळंच ठरलं.

७

शेवटच्या संध्याकाळी तिनं सासूला नेऊन चौथ्या रांगेत बसवलं, पानाची पिशवी हाताशी दिली. दाजीनं घागरी भरून ठेवल्या होत्या. त्या तिनंच शिडावर ओतल्या. मग सासूला म्हणाली, की जरा बाहेर जाऊन येते.

कुंपणाला वळसा घालून ती मास्तरांच्या यंत्रामागं जाऊन उभी राहिली. तिथं काळोख होता आणि मागं वळून कुणी बघत नव्हतं. मास्तरांनी तिला बघितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "इथून कशाला, बाई?"

"मला तुमच्या बाजूनं बघायचंय."

त्यांनी मान हलवली.

सावकार उजव्या हातानं जेवला. तिला ते विचित्र वाटलं. पाच दिवसांत डाव्या हाताची सवय झाली होती. मग तारू निघालं, आणि गंगारामाची पाठ समोर आली. पाठ तिच्या ओळखीची होती. ती मोजायला लागली. पुढं समुद्र होता. पहिली विशी होईपर्यंत समुद्र होता.

मग पुढं पुळण दिसली. पुळणीवर बायका बसल्या होत्या, रांगांनी.

कापड पातळ आहे, तिनं मनाशी म्हटलं. उजेड आरपार जातोय, पलीकडच्या बायका दिसतायत, एवढंच. पण पलीकडं आज जेमतेम पंधरा बायका होत्या, आणि इथं पाच रांगा भरलेल्या. त्या चित्रातल्या सगळ्यासारख्या राखाडी होत्या. आणि तारवाची नाळ, पुढचं टोक, लाटेवर उचलली, की त्या सगळ्या मिळून उचलल्या जात होत्या. खाली आली की खाली.

गंगारामाची मान सरकत होती. पहिली रांग, दुसरी, तिसरी. चौथ्या रांगेत आवडाबाई बसली होती, मांडीवर पानाची पिशवी. तिच्या शेजारची जागा रिकामी असायला हवी होती.

नव्हती. तिथं एक बाई बसली होती. डोक्यावरनं पदर, हात सासूच्या हातात. चेहरा सुकाणूकडं. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

गुणवंतीचे आकडे तिथंच सुटले.

गंगारामाची मान थांबली. त्याचा चेहरा तिला इथून दिसत नव्हता. त्या बाईचा दिसत होता. ती हसली नाही, घाबरली नाही. फक्त मोजायची थांबली.

गुणवंतीनं बाजूला बघितलं. मास्तरांचा हात दांड्यावर होता. दांडा फिरत नव्हता.

८

खेळ संपला. दिवट्या पेटल्या, माणसं उठली. गुणवंती मागच्या बाजूला गेली तेव्हा आवडाबाई एकटीच बसली होती, आणि पाठीमागं पुळण मोकळी होती. तिनं सासूला हात देऊन उठवलं.

वाटेत म्हातारी म्हणाली, "आज बरं सांगितलंस सगळं. रोज दोन शब्दांवर घालवतेस."

गुणवंतीनं तिच्याकडं बघितलं. "काय सांगितलं मी?"

"आता तुझ्याच तोंडचं तुला परत सांगू? तो वळला म्हणालीस. त्याला मी दिसले म्हणालीस. हात केवढा गार पडला होता तुझा. सात विसांवर तर मी कान देणं सोडलं."

"आनि?"

आवडाबाई थांबली. समुद्राकडं तोंड केलं. तिला दिसत नव्हता, पण कुठल्या अंगाला आहे ते माहीत होतं.

"'वाट बघायचं काम आता माझ्याकडं द्या,' बोल्लीस. 'तुमी घरी जावा.'"

गुणवंतीनं ऐकून घेतलं. मागं वळून बघावं असं तिच्या मनात यायला हवं होतं. आलं नाही. पायांखाली पुळण अजून कोमट होती. दाजी पुढं कंदील घेऊन चालला होता, दर चार पावलांवर थांबत होता. तिला भूक लागली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला नुसती, सरळ भूक लागली होती.

घरी आल्यावर आवडाबाईनं दाजीला सांगितलं, की उद्या जाणत्या माणसांना बोलाव. सांग, आवडाबाईचा शब्द ठरला. थोरला गेला.

ती रडली. दाजी रडला. गुणवंतीनं भाताचं आधण ठेवलं.

९

मास्तर दुसऱ्या दिवशीच्या आगबोटीनं गेले. जाण्याआधी ते म्हणाले होते, की तो तुकडा कापून तुमच्या हवाली करतो. गुणवंतीनं नको म्हटलं. शीडही त्यांनी ठेवून घ्यावं म्हणाली. मास्तरांनी तिच्याकडं बघितलं, मग शीड घडी करून पेटीत ठेवलं. 

दिवसकार्य झालं. आखाड लागायच्या चार दिवस आधी पाट लागला. बांगड्या भरताना कासारीण म्हणाली, हात किती मऊ झालाय गो तुझा, कामाचा वाटत नाही. पुढल्या वर्षी मुलगा झाला. त्याच्या पाठीवर दोन मुली, मग आणखी एक मुलगा. आवडाबाईनं थोरल्या नातवाला मांडीवर घेऊन पुळ्याचा नवस फेडला, आणि पुढं दोन वर्षांनी झोपेतच गेली. कुणाचं काही राहिलं असं तिला वाटत नव्हतं.

दाजीला समुद्रानं हात दिला. एकाच्या दोन होड्या झाल्या, दोनाच्या तीन. झापं जाऊन घरावर कौलं आली. वादळात दुसऱ्यांच्या होड्या फुटल्या, ह्यांच्या सुखरूप परतल्या. बंदरावर बोलणारी चित्रं आली, तेव्हा मुक्या चित्रांचे मास्तर कुठं असतील याची कुणी चौकशी केली नाही. एकदा मात्र दाजी माल घेऊन खाली दक्षिणेकडच्या एका बंदरात गेला होता, तिथं जत्रेत त्यानं ते जुनं चित्र बघितलं. पडदा अजून तोच होता म्हणाला.

गुणवंतीनं विचारलं, "कुठल्या बाजूला बसलात?"

"पुरुषांच्या."

"तुमच्या दादांची पाठ दिसली?"

"व्हय."

"आनि पुढं?"

दाजीनं धाकट्या मुलीला उचलून मांडीवर घेतलं, तिचे केस कानामागं सारले. म्हणाला, "पुढं तू होतीस." मग म्हणाला, "भात वाढ."

तिनं वाढला. त्यावर ती दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत, आणि न बोलल्यानं काही बिघडलंही नाही.

दिवस कलला की बंदरावरच्या बायका जोत्यावर येऊन समुद्राकडं बघत बसतात. आपापली होडी दिसेपर्यंत बसतात. गुणवंती कधी बसली नाही. तीन होड्या बाहेर असायच्या, दोन मुलगे त्यांवर असायचे, आणि ती आत भाकरी थापत असायची. बाया म्हणायच्या, हिच्या जिवाला काही घोर कसा नाही? देवानं हिला किती भरभरून दिलं, नि हिला कशाची वाट बघायला लागली नाही, नशीब लागतं त्याला.

गुणवंती म्हणायची, होय, लागतं. आणि भाकरी उलटायची.

असं त्या घराचं भलं झालं. सगळ्यांना पोटभर मिळालं, समुद्रावर गेलेला प्रत्येकजण घरी आला, आणि आजतागायत येतो.